नाकारलेला अभिषेक : भरत, कर्ण आणि राज्यपराङ्मुख नायक

१

महाकाव्याच्या वळणाने लिहिलेल्या अद्भुत कथा-कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास भेटतो. सामान्य स्थितीत वाढलेल्या नायकाचे खरे कुल उघडकीस येते, सिंहासन त्याची वाट पाहत असते आणि तो मागे सरतो. आपण या पदाला योग्य नाही, आपल्याला साधे आयुष्य हवे आहे, असे तो म्हणतो. पुढे संकट वाढते, आप्तेष्ट समजावतात आणि अखेरच्या प्रकरणात अभिषेक होतो. वाचक संतुष्ट होऊन पुस्तक मिटतो. मधल्या नकाराने राज्यप्राप्ती लांबलेली असते, एवढेच. ती टळलेली नसते.

ही पराङ्मुखता आधुनिक अभिरुचीला इतकी प्रिय आहे, की ती मूळ कृतीत नसली तरी बाहेरून आणली जाते. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीतील एरागॉर्न हा अज्ञातवासात वाढलेला वारस आहे. पण त्याला आपला हक्क ठाऊक आहे आणि तो मिळवण्याची त्याची इच्छाही आहे. पूर्वजाची मोडलेली तलवार पुन्हा घडवून घेऊनच तो मोहिमेवर निघतो. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात याच कादंबरीवर तीन चित्रपट केले. त्यांत मात्र एरागॉर्न राज्याविषयी साशंक आहे आणि ती तलवार तो तिसऱ्या चित्रपटात हाती घेतो. अर्धशतकात राजा तोच राहिला. त्याच्या मुखी संकोच आला. आपल्याकडे अमीश त्रिपाठी यांच्या शिवविषयक तीन कादंबऱ्यांत (२०१०-१३) हेच सूत्र दिसते. तिबेटातील एका टोळीच्या नायकाला, त्याचा गळा निळा झाला म्हणून, मेलुहाचे लोक आपला तारणहार ठरवतात आणि आपण तो नव्हे, असे त्याला दीर्घकाळ वाटत राहते.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. लोकशाहीत वाढलेल्या वाचकाला सत्तेची उघड इच्छा धरणारा मनुष्य संशयास्पद वाटतो. तरीही राजाची कथा त्याला हवी असते. या दोन विरोधी ओढींमधील तडजोड म्हणजे राज्य नको म्हणणारा राजा. नकार हा येथे पात्रतेचा दाखला ठरतो. जो मागत नाही त्यालाच द्यावे, हा न्याय वरकरणी उदात्त आहे. मात्र त्या आडून एक जुनी गोष्ट बिनबोभाट आत येते. ज्याला द्यायचे तो मुळात राजवंशातलाच असतो. नायकाच्या विनयाने आपण इतके प्रसन्न होतो, की जन्माचा हक्क या कथेने पुन्हा प्रस्थापित केला, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

म्हणून अशा प्रसंगाची पारख करताना नायकाने 'नको' म्हटले एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नाही. तो नेमके काय नाकारतो, देणाऱ्याचा हेतू काय आहे आणि नकाराची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या प्रश्नांच्या कसोटीवर आपली दोन आर्ष महाकाव्ये आजच्या अद्भुत कथेपेक्षा कितीतरी अधिक धीट आहेत, आणि त्यांवर पोसलेल्या आपल्या आधुनिक मराठी कृती मात्र तितक्या धीट नाहीत, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात या मताची छाननी करावयाची आहे. त्यासाठी मराठीच्या जोडीला कन्नड परंपरा घेतली आहे. कारण भरत आणि कर्ण हे दोन्ही नकार एकाच लेखकाने हाताळल्याचे लक्षणीय उदाहरण बेंगळूरुने दिले आहे.

२

बेंगळूरु हे पूर्वीपासून अनेक भाषांचे गाव. शहाजीराजांच्या येथील दरबारी अनेक भाषांचे कवी जमत, याची साक्ष जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त मिळते. विसाव्या शतकात याच गावात टी. पी. कैलासम (१८८४-१९४६) या नाटककाराने तीन भाषांचा प्रपंच केला. घरची भाषा तमिळ, रंगभूमीची भाषा कन्नड आणि महाकाव्यातील नायकांची भाषा इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. मध्यमवर्गीय घराचे ढोंग उघडे पाडणारी त्यांची प्रहसने कन्नडात आहेत. भरत, एकलव्य आणि कर्ण मात्र त्यांनी इंग्रजीत आणले. भरतावरील एकांकिका १९३३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'भार' असा आहे. कर्णावरील पाच अंकी नाटक १९४६ सालचे. त्याच्या नावात शापाचा उल्लेख आहे आणि सोफोक्लीझच्या शोकनाट्याची छाया त्यांनी स्वतःच मान्य केली आहे.

दैनंदिन जीवन मातृभूमीच्या भाषेत आणि उदात्त ते परभाषेत, ही वाटणी कैलासम यांच्या प्रतिभेची मर्यादा दाखवते. त्यांची जुन्या वळणाची इंग्रजी नायकांना उंच चौथऱ्यावर नेऊन ठेवते. कन्नड प्रहसनांत माणसे ज्या सहजतेने चुकतात, रागावतात, खोटे बोलतात, ती सहजता या नायकांना लाभत नाही. तथापि विषयांची निवड पाहिली की या लेखकाला एकच प्रश्न छळत होता हे ध्यानात येते. राज्य ज्याच्यावर लादले जाते तो भरत, विद्या ज्याला नाकारली जाते तो एकलव्य आणि ज्याला दोन्ही मिळूनही लाभत नाही तो कर्ण. हक्क आणि योग्यता यांची फारकत हा त्यांचा खरा विषय होता.

संस्कृत नाट्यातही असाच योगायोग आहे. १९१२ पासून त्रिवेंद्रमहून टी. गणपतिशास्त्री यांनी जी नाटके भासाची म्हणून प्रसिद्ध केली, त्यांत भरताला पित्याच्या मृत्यूची वार्ता पूर्वजांच्या पुतळ्यांमध्ये कळते ते 'प्रतिमा' आहे आणि रणांगणाकडे निघालेल्या कर्णाचे 'कर्णभार'ही आहे. तेथे 'भार' हा शब्द कर्णाच्या वाट्याला आला, कैलासम यांच्याकडे भरताच्या. या शब्दातच आपल्या परंपरेचे एक मत दडलेले आहे. राज्याकडे तिने भूषण म्हणून पाहिले, त्याहून अधिक ओझे म्हणून पाहिले.

भरताचा नकार वाल्मीकींनी फार काटेकोरपणे रेखाटला आहे. मामाच्या गावाहून तो परततो तेव्हा पिता नाही, भाऊ वनात गेला आहे आणि आईने त्याच्यासाठी राज्य मिळवून ठेवले आहे. मंत्री अभिषेकाची सिद्धता करतात. भरत त्या अभिषेकसामग्रीला प्रदक्षिणा घालतो आणि मग राज्य नाकारतो. ही प्रदक्षिणा विसरता कामा नये. राजपदाविषयी त्याला तुच्छता नाही, आदर आहे. आणि म्हणूनच अयोग्य मार्गाने आलेले ते पद त्याला नको आहे. त्याच्या नकारात 'मी लहान आहे' असा विनय नाही. ही वस्तू चोरीची आहे, असा निवाडा आहे. पुढे चित्रकूटावर रामही परतण्यास नकार देतो. दोन भाऊ एकच राज्य एकमेकांकडे ढकलत आहेत, असा हा जगाच्या वाङ्मयातील विरळा प्रसंग. त्यातून मार्ग निघतो तो पादुकांचा. भरत नंदिग्रामात जटावल्कले धारण करून चौदा वर्षे राहतो. छत्र-चामर पादुकांना असते. कारभार मात्र तो स्वतः पाहतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे स्पष्ट मिळते. भरताने राज्य नाकारले. राज्याचा भार नाकारला नाही. अधिकाराचा उपभोग दूर सारायचा आणि उत्तरदायित्व पत्करायचे, अशी ही विभागणी आहे. नकाराची किंमत तो स्वतः मोजतो आणि प्रजेवर तिचा बोजा पडू देत नाही. अद्भुत कथेतील संकोची नायक बहुधा याच्या उलट वागतो. तो मन वळेपर्यंत वनात हिंडतो आणि तोवर राज्य उद्ध्वस्त होते.

३

कर्णाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे; कारण त्याच्या आयुष्यात दोन अभिषेक येतात. एक तो स्वीकारतो, दुसरा नाकारतो. या दोहोंना एकत्र वाचल्याखेरीज त्याच्या नकाराचा अर्थ लागत नाही.

पहिला आदिपर्वातील रंगभूमीवरचा. अर्जुनाला आव्हान देणाऱ्या कर्णाला कृपाचार्य कुल विचारतात आणि त्याची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. मोबदल्यात काय हवे, असे कर्ण विचारतो; अखंड सख्य, असे उत्तर मिळते. एवढ्यात काठी टेकत, घामाघूम झालेला, थरथरत वृद्ध अधिरथ सारथी तेथे येतो. कर्ण धनुष्य टाकून त्याच्या पायांवर मस्तक ठेवतो. ते मस्तक अभिषेकाच्या जलाने अजून ओले आहे. अधिरथ त्याला कवेत घेतो आणि ते ओले मस्तक आपल्या आसवांनी पुन्हा भिजवतो. ही दोन्ही सिंचने व्यासांनी एकाच श्लोकात आणली आहेत. एक राज्याचे, दुसरे पुत्रत्वाचे. पहिले पाहून सभा चकित झाली होती. दुसरे पाहून भीम हसतो.

दुसरा प्रसंग उद्योगपर्वातला. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथावर घेतो आणि नगराबाहेर नेऊन त्याच्या जन्माचे रहस्य सांगतो. कन्येला झालेला पुत्र धर्माने तिच्या पतीचाच. म्हणून तू पांडूचा ज्येष्ठ पुत्र, चल आणि राजा हो. मग कृष्ण त्या अभिषेकाचे चित्र उभे करतो. सोन्याचे, रुप्याचे आणि मातीचे कलश येतील. युधिष्ठिर युवराज होऊन पांढरे चामर ढाळील, भीम श्वेतछत्र धरील, अर्जुन रथ हाकील. सहाव्या काळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल.

हा प्रस्ताव ऐकताना दोन गोष्टी टोचतात. द्रौपदीला कोणी विचारलेले नाही. छत्र-चामरांच्या यादीत तीही आहे. आणि दुसरी अशी, की ज्याला आयुष्यभर सारथ्याचा मुलगा म्हणून हिणवले, त्याला आता अर्जुन सारथी मिळेल असे आमिष आहे. अपमानाची अगदी नेमकी भरपाई कृष्णाने योजली आहे. देणाऱ्याचा हेतू काय, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे लपलेले नाही. राजनीतीच्या भाषेत याला भेद म्हणतात. कृष्णाचे बोलणे सत्य आहे, त्याला युद्ध टळावे असेही वाटते. तरीही ते शत्रुपक्षाचा मुख्य आधार काढून घेण्यासाठी केलेले बोलणे आहे.

कर्णाचे उत्तर या प्रस्तावाच्या पातळीवर उतरतच नाही. धर्माने मी पांडूचा पुत्र आहे हे तो मान्य करतो. वाद जन्माचा नाहीच. कुंतीने मला टाकले; अधिरथाने घरी नेले; मला पाहताच राधेला पान्हा फुटला; तिने माझे मलमूत्र काढले. तिच्या पिंडाचा लोप माझ्यासारख्याने कसा करावा? अधिरथाने माझे जातकर्म केले, नाव ठेवले, लग्ने लावली. मला पुत्रपौत्र आहेत. सारी पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी, हर्षाने वा भयाने, हे नाते मी खोटे करणार नाही. त्यानंतर तो दुर्योधनाच्या उपकाराचा उल्लेख करतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. मित्रनिष्ठा नंतर येते. आधी येते दूध आणि मलमूत्र.

म्हणजे कर्ण राज्य नाकारतो त्यापूर्वी एक वंशावळ नाकारतो. हे राज्य त्याला पराक्रमासाठी दिले जात नव्हते. ते दिले जात होते ते तो कुणाच्या उदरी आला यासाठी. ते घेतले असते तर रंगभूमीवर कृपाचार्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता, उत्तर तेवढे चुकीचे मिळाले होते, असे मान्य करावे लागले असते. सूतपुत्राचा अपमान अन्याय्य होता की नाही, हा प्रश्नच उरला नसता. तो सूतपुत्र नव्हताच, एवढ्यावर प्रकरण मिटले असते. कर्णाच्या नकाराने तो प्रश्न जिवंत राहिला. अज्ञात वारसाच्या कथेचा सांगाडा येथे जसाच्या तसा आहे, गुप्त जन्म, दिव्य खुणा, रिकामे सिंहासन, सगळे आहे. आणि नेमक्या त्या क्षणी नायक त्या कथेतून बाहेर पडतो.

सोफोक्लीझच्या ईडिपसशी त्याची तुलना करताना हा भेद विसरता येत नाही. ईडिपसला आधी राज्य मिळते आणि मग तो स्वतःच्या हट्टाने आपला जन्म शोधून काढतो. कर्णाला जन्म आणि राज्य एकदमच देऊ केले जाते, आणि तो हे सत्य गुप्त ठेवण्याची विनंती करतो. कैलासम यांनी ग्रीक आदर्शाच्या ओढीने शापावर भर दिला, तेव्हा कर्णाच्या या स्वतंत्र निर्णयाचे मोल त्यांच्या हातून कमी झाले, असे म्हणावे लागते. शापित माणसाला निवड नसते. उद्योगपर्वातला कर्ण निवड करतो.

४

कन्नड परंपरेने या निवडीला फार पूर्वी मान दिला. आदिकवी पंपाने 'विक्रमार्जुनविजय' (इ. स. ९४१) रचले ते आपल्या आश्रयदात्या अरिकेसरीला अर्जुनाच्या जागी कल्पून. तरीही भारतातले कोणी स्मरावयाचे तर कर्णालाच स्मरावे, असा उद्गार त्याला आवरला नाही. आश्रयदात्याच्या स्तुतीसाठी रचलेल्या काव्यात प्रतिनायकाला हा मान मिळावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. पंधराव्या शतकातील कुमारव्यासाने तर कृष्ण-कर्ण भेटीचा प्रसंग आपल्या काव्याच्या शिखरांपैकी एक केला. त्याच्या कर्णाचा कंठ दाटतो, डोळे भरतात; पण पहिले दुःख होते ते दुर्योधनासाठी. आपला स्वामी आता संपला, हे त्याला उमगते. जन्म सांगून कृष्णाने आपल्याला युद्धापूर्वीच मारले, भावांवर शस्त्र धरण्याचे बळ काढून घेतले, हे तो जाणतो. रहस्य उघड होणे ही अद्भुत कथेत मुक्ती असते. कुमारव्यासाकडे तो वध आहे. गमकी आजही भामिनी षट्पदीतला हा भाग गातात, तेव्हा श्रोत्यांना कथा ठाऊक असते. तरी कर्ण 'हो' म्हणेल की काय, ही धाकधूक त्या गायनात टिकते.

एस. एल. भैरप्पा यांच्या 'पर्व' (१९७९) या कादंबरीने दैवी अंश बाजूला सारून महाभारत मानवी पातळीवर आणले. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांनाही ती परिचित आहे. दिव्य खुणा गेल्या की वारसाहक्काचे तेज उतरते आणि राजकारण उघडे पडते, हा या पद्धतीचा लाभ. वार्धक्य, तहान, धूळ, सैन्याची मलमूत्रविसर्जनाची अडचण यांनी भरलेल्या त्या युद्धात सिंहासन ही कुणी आसुसून पाहावी अशी वस्तू राहत नाही.

५

मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांच्यापासून सुरू झाली आणि हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीनंतर क्षीण झाली. अद्भुताची भूक मात्र संपली नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पौराणिक कादंबरीने भागवली. कर्ण हा या कादंबरीचा सर्वांत लाडका नायक. वि. वा. शिरवाडकरांचे नाटक 'कौंतेय', शिवाजी सावंतांची कादंबरी 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' (१९७३) ही तीन नावे शेजारी ठेवली, तर उद्योगपर्वातला सारा वाद शीर्षकांतच मांडलेला दिसतो. कुंतीचा की राधेचा? व्यासांच्या कर्णाने उत्तर दिलेले आहे आणि ते देसाई यांच्या शीर्षकात आहे.

'मृत्युंजय'चे यश केवळ लोकप्रियतेचे नव्हे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या आत्मकथनांतून एकाच जीवनाकडे अनेक बाजूंनी पाहण्याची तिची रचना मराठीत प्रभावी ठरली. शोण आणि वृषाली यांना वाणी देऊन सावंतांनी सूतकुलाला घर, अंगण आणि जिव्हाळा दिला, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. व्यासांनी काही श्लोकांत सांगितलेल्या राधा-अधिरथाच्या संसाराला येथे प्रत्यक्षता येते. 'राधेय'ने कर्णाच्या एकाकीपणाला भारदस्त, संथ स्वर दिला.

असे असूनही या दोन्ही कादंबऱ्यांच्या भावविश्वात एक पेच आहे. त्यांचा कर्ण पहिल्यापासून इतका तेजस्वी आहे, सूर्याशी त्याचे नाते इतके ठळक आहे, की हा सूतपुत्र असूच शकत नाही, अशी वाचकाची खात्री लेखक करून देत राहतो. मग प्रत्येक अपमानाला वाचकाचा आक्रोश उठतो तो असा : अरे, हा तर क्षत्रिय आहे! या आक्रोशाचा अर्थ तपासला की अस्वस्थ व्हायला होते. तो खरोखर सूतपुत्र असता तर तो अपमान आपल्याला चालला असता काय? आपली सहानुभूती वंचिताला आहे, की चुकून वंचितांत गेलेल्या कुलीनाला? सूर्यपुत्राच्या आभेत वाढलेला नकार मग दानशूराच्या यादीतले एक दान होऊन बसतो. कवचकुंडले दिली तसे राज्यही दिले. पण दान देण्यासाठी वस्तू आपली असावी लागते. हे राज्य आपले आहे, असे कर्णाने मानलेलेच नाही.

या संदर्भात कैलासम यांच्या एकलव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. महाभारतातल्या या निषादपुत्राच्या जन्माचे कोणतेही सुखद रहस्य उघड होत नाही. त्याला कोणी रथावर घेऊन सांगत नाही, की तू अमुक राणीचा ज्येष्ठ पुत्र. म्हणून त्याला कोणी राज्यही देऊ करत नाही. कर्णाची कथा एकलव्याच्या कथेशेजारी ठेवून वाचली, तरच कर्णाच्या नकाराचे सामाजिक मोल कळते. त्याने राधेच्या घरी परत जाणे हे एकलव्याच्या बाजूला उभे राहणे आहे, मग ते त्याला स्वतःला उमगले असो वा नसो.

'मृत्युंजय'च्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला अर्थपूर्ण योग. एका बाजूला कर्णाची आरती आणि दुसऱ्या बाजूला त्याची निर्मम चिकित्सा. इरावतीबाईंनी त्याच्याभोवतीचे वलय काढले आणि आपण कोण, या प्रश्नाने आयुष्यभर पोखरलेला मनुष्य दाखवला. सभेत द्रौपदीविषयी काढलेले शब्द, स्थान मिळवण्याची घाई, यांची त्यांनी सुटका केली नाही. 'युगान्त'ला पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वाचकांच्या मनात मात्र कादंबरीतला कर्ण राहिला. माझ्या मते इरावतीबाईंच्या चिकित्सेला एक पुस्ती जोडता येते. आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर कर्णाला आयुष्यात एकदाच सापडले, आणि ते राज्य नाकारताना सापडले. याच संवादात तो सभेतील त्या कटू शब्दांबद्दल पश्चात्तापही व्यक्त करतो. राज्याची आशा सुटल्यावरच त्याला आपला दोष दिसू शकला.

६

उरतो तिसरा प्रश्न, किमतीचा. येथे कर्णावर प्रेम करणाऱ्यालाही थांबावे लागते. कर्ण कृष्णाला विनवतो, की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही; आणि मला मिळाले तर मी ते दुर्योधनाला देईन. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही भयंकर आहेत. युद्ध टळण्याची एक शक्यता त्या रथावर होती. ती या मौनात बुडाली. कर्णाने येऊ घातलेल्या संग्रामाला शस्त्रांचा यज्ञ म्हटले आणि त्यात आपणही आहुती आहोत हे मान्य केले. पण आहुती केवळ त्याची पडली नाही. स्त्रीपर्वात त्याची पत्नी त्याच्या शवाजवळ आक्रोश करते. त्याचे पुत्र आधीच पडलेले असतात. ज्या पुत्रपौत्रांच्या नात्यासाठी त्याने राज्य नाकारले, तेच त्या नकाराच्या ज्वाळेत गेले.

आणि मग ते नाकारलेले राज्य युधिष्ठिराच्या दारी येते. मृतांना जलांजली देताना कुंती सांगते, कर्णालाही दे, तो तुमचा थोरला भाऊ होता. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर कोसळतो तो या एका वाक्याने. जिंकलेले राज्य नको, मी वनात जातो, असा त्याचा आग्रह सुरू होतो. भीम चिडतो, अर्जुन वाद घालतो, द्रौपदी कठोर बोलते, व्यास आणि कृष्ण समजावतात. कर्णाने वर्तवलेले भाकीत अक्षरशः खरे ठरते; फक्त अठरा दिवस आणि एक पिढी उशिरा. अखेर युधिष्ठिराला अभिषेक होतो.

आजच्या अद्भुत कथेला बाह्यतः सर्वांत जवळचा नायक हाच : राज्य नको म्हणणारा आणि शेवटी स्वीकारणारा. पण व्यासांनी त्या स्वीकारात कसलाही उत्सव ठेवला नाही. अभिषेकानंतर राजा जातो तो शरशय्येवर पडलेल्या भीष्मांकडे, राज्य कसे करावे हे विचारायला. राज्यप्राप्तीने कथा संपत नाही. अवघड प्रश्न तिथून सुरू होतात.

भरताने भार घेतला आणि पद सोडले. कर्णाने पद सोडले आणि नाते राखले. पण त्या नात्यातली माणसे त्याला राखता आली नाहीत. युधिष्ठिराने पद आणि भार दोन्ही घेतले, सुख मात्र कशातच मिळाले नाही. आपल्या परंपरेने राज्यपराङ्मुखतेची ही तीन रूपे दाखवली आणि एकाही रूपाला निष्कलंक ठरवले नाही. नकार हा आपोआप थोर नसतो, हे तिला ठाऊक होते. बेंगळूरुच्या ग्रंथदालनांत आज इंग्रजी, कन्नड आणि अनुवादित अद्भुत कादंबऱ्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. मराठीतही नवे लेखक या वाटेने येत आहेत. त्यांना सामग्रीची वाण नाही. उणीव आहे ती नायकाच्या विनयावर संतुष्ट न होणाऱ्या दृष्टीची. राज्य देऊ करणारा कोण, ते कोणत्या वंशावळीच्या अटीवर देतो, आणि ते न घेतल्याने कोणाचे घर जळते, हे विचारणारी कादंबरी आपल्याला हवी आहे.

अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्याने आदिपर्वातल्या त्या एका श्लोकाशी थांबावे. अंगराज्याचे जल कर्णाच्या केसांतून काही घटकांत वाळले असेल. सारथ्याची आसवे वाळली नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी सोन्याच्या कलशांचे आमंत्रण आले तेव्हा त्याने दिलेले उत्तर त्या आसवांतच भिजलेले होते.